नवरीच्या झऱ्याचं माप

३ जून २०१९, सोमवार. आग्वास-दो-मिरान्ते.

आतापर्यंत घडलेलं, क्रमाने:

१. ६ मे रोजी मी बेलो होरिझोन्तेच्या आमच्या भूजल कार्यालयात टिपण दिलं. विषय: मिरान्तेच्या उद्यानातला 'नवरीचा झरा'. तेहतीस वर्षं त्याच्याखाली वीस लिटरची बादली नव्वद सेकंदांत भरत होती. गेल्या वीस महिन्यांत ते वाढत वाढत एकशे साठ झाले. म्हणजे पाणी चव्वेचाळीस टक्क्यांनी घटलं. रेषा पुढे नेली तर सुमारे दोन वर्षांत झरा आटतो.

२. संचालक डॉ. आरोल्दो यांनी टिपण त्याच दिवशी वर पाठवलं. पुन्हा मोजून घ्या, असं ते म्हणाले नाहीत. मीही म्हणाले नाही.

३. २० मे रोजी उद्यानाच्या फाटकावर नोटीस लागली. खबरदारी म्हणून १ जुलैपासून सगळे झरे आणि स्नानगृह बंद. अंतिम निर्णय १९ जूनच्या बैठकीत.

४. गावातून एक्केचाळीस पत्रं आली. सदतीस पत्रांत टिपण लिहिणाऱ्याला शिव्या होत्या. चारांत त्याच्यासाठी प्रार्थना केली होती.

५. आरोल्दो म्हणाले, "जा, मोज, चार फोटो काढ. बैठकीत कुणी विचारलं तर आपण जाऊन आलो होतो एवढं दिसलं पाहिजे."

६. आज दुपारी दोन चाळीसला बसने इथे पोचले.

ही वही खाजगी आहे. कार्यालयाची वेगळी.

ग्रांदे हॉटेलात उतरले. खोल्या एकशे बारा, चालू नऊ. मालक आबिलियो, मानाने सेउ आबिलियो, सत्तरीच्या पुढचे. दारात सामान घेताना त्यांच्या अंगात करडा कोट होता, टेबलामागे गेल्यावर काळा, जेवण वाढायला आले तेव्हा पांढरा. माणूस एकच.

"पाण्यासाठी आलात की कामासाठी?"

"काम. मी भूजलाची इंजिनिअर आहे."

त्यांनी रजिस्टर स्वतःकडे फिरवून माझी सही वाचली. बराच वेळ वाचली. "तावारेस. अरेरे. त्या मेल्याचं आडनाव तुमच्याही वाट्याला आलं."

"कोणाचं?"

"जे. तावारेस म्हणून आहे एक. बेलो होरिझोन्तेत खुर्चीवर बसून आमचा झरा मारला त्याने. टकला असणार. पोटही साफ होत नसणार, नाहीतर माणूस असलं लिहीत नाही."

मी किल्ली मागितली. माझं नाव जुसारा. टिपणाखाली फक्त 'जे.' आहे. मी खोटं सांगितलं नाही. तेवढं पुरेसं नाही हे मला कळतं.

खोली चौऱ्याहत्तर. नळाला गरम पाणी नाही. बाहेर जूनचा हिवाळा, सहा अंश.

४ जून, मंगळवार

उद्यान सातला उघडतं. बारा झरे, प्रत्येकावर लोखंडी खांबांचा आणि रंगीत काचांचा मंडप. एक पाणी पोटाला, एक मूतखड्याला, एक डोळ्यांना, असं इथे सगळ्यांना पाठ आहे. नवरीच्या पाण्यात लोह आणि वायू. जिभेला टोचतं, मग खिळा चाटल्यासारखी चव मागे राहते. पूर्वी लग्न झाल्या झाल्या मुली नवऱ्याबरोबर इथे यायच्या आणि आठवडाभर हे पाणी प्यायच्या. आता रांगेत दिसतात त्या बहुतेक विधवा आहेत. त्याच मुली.

बादली माझी, वजन करून तपासलेली. घड्याळ माझं. सात दहाला १०४ सेकंद. पुन्हा १०४. पुन्हा १०३. अकराला १०४. तीनला १०५.

मे महिन्याची नोंद १६० आहे.

शक्यता: (अ) माझी बादली चूक. नाही, पुन्हा तपासली. (आ) झरा महिनाभरात सुधारला. असं होत नाही. (इ) नोंद चूक.

नोंद चूक असेल तर टिपणही चूक.

नोंदी ठेवते ती मार्लेनी, पंचेचाळिशीची. झऱ्यावर तीच, तिकिटाच्या खिडकीत तीच, स्नानगृहाच्या किल्ल्याही तिच्याच कमरेला. पूर्वी या कामांना तीन माणसं होती.

"तुम्ही कसं मोजता?" मी विचारलं.

"मावशीने शिकवलं तसं."

"म्हणजे कसं?"

"बाई, माझ्यासमोर अकरा जण उभे आहेत, त्यातल्या चौघांना लघवीची घाई आहे. शुक्रवारी या. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मोजते, फाटक उघडायच्या आधी. डोळ्यांनीच बघा."

रांगेतल्या एका आजींनी मला डॉक्टर समजून जीभ दाखवली. मी पाण्याची इंजिनिअर आहे, म्हटलं. "मग पाण्याने जीभ अशी का झाली तेच सांग ना," म्हणाल्या. जीभ लोहामुळे तपकिरी होती. तसं सांगितलं. त्यांना फार समाधान वाटलं.

५ जून, बुधवार

सेउ आबिलियोंनी कारण न सांगता खोली बदलून दिली. आता क्रमांक बारा. गरम पाणी आहे, खिडकीतून उद्यान दिसतं.

माप १०४.

कार्यालयातून आणलेल्या प्रती पुन्हा वाचल्या. ऑक्टोबर १९८४ पासून चारशे सोळा नोंदी. सगळ्यांच्या शेवटी शून्य. हे मला मे महिन्यातही दिसलं होतं. समासात मी लिहिलं होतं, 'निरीक्षक ठोकळ आकडा लिहितो.' पुढे विचार केला नाही. तेहतीस वर्षं सपाट चालून शेवटी खाली येणारी इतकी स्वच्छ रेषा मी नोकरीत पाहिली नव्हती.

गेल्या वर्षी आईच्या वेळीही मी अकरा दिवस मोजत होते. मिनिटाला किती श्वास. कागदावर बिंदू मांडले, रेषा पुढे नेली. चूक दोन दिवसांहून कमी निघाली. म्हणजे पद्धत चांगली आहे. उतरत्या रेषेवर शंका घ्यावी असं मला मे महिन्यात वाटलं नाही, त्याला हे कारण होतं. आणखी काही नाही.

६ जून, गुरुवार

१०४.

दुपारी गावात फिरले. जुगारखान्याच्या हिरव्या बनातीच्या टेबलांवर आता चर्चच्या बायका सणाचे झगे बेततात. बनातीवरचे आकडे अजून वाचता येतात, आणि माप घ्यायला त्या ते आकडेच वापरतात. रेल्वे स्टेशनात दंतवैद्य आहे. रुळांच्या जागी गवताचे दोन पट्टे, मधल्या गवताहून जास्त हिरवे. कारण मला माहीत नाही.

हॉटेलच्या हॉलमध्ये पाटी आहे: 'शनिवारी नृत्य, वाद्यवृंद चौदा जणांचा.' ती का उतरवत नाही, असं जेवताना विचारलं.

"उतरवायला शिडी लागते," सेउ आबिलियो म्हणाले. "आणि शिडीवर चढायला माणूस." मग थाळी ठेवून तिथेच उभे राहिले. "इंजिनिअरबाई, हे गाव चार वेळा संपलंय. जुगारबंदी आली तेव्हा संपलं. पेनिसिलीन आलं तेव्हा संपलं, आधी डॉक्टरच पळाले. रेल्वे गेली तेव्हा संपलं. दर वेळी निघणाऱ्यांना शेवटचं जेवण आमच्या घराण्याने वाढलंय."

"आणि चौथ्यांदा?"

"चौथ्यांदा तावारेस. आणखी भात देऊ?"

घेतला नाही.

७ जून, शुक्रवार

साडेसहाला फाटकाशी. धुकं. मार्लेनीने लोकरीची टोपी काढली, जाळीच्या कडेला जुनी पत्र्याची बादली मांडली, नळीची चकती सरकवली, आणि बादलीकडे पाहत ओठ हलवायला लागली. उजव्या हाताची बोटं एकेक मिटत होती. बादली काठाला लागली तशी तिने चकती बंद केली.

"सोळा," म्हणाली, आणि वहीत लिहिलं १६०.

"सोळा काय?"

"सोळा 'नमो मारिया'."

मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्याने, मला कमी ऐकू येत असावं असं समजून.

हकिगत अशी. १९८४ साली कार्यालयाने इथे सेकंद मोजायचं एक घड्याळ दिलं होतं. झऱ्याचा वायू आणि लोह यांनी ते पाच महिन्यांत गंजून बंद पडलं. तीन पत्रं पाठवली, दुसरं आलं नाही. तेव्हा झऱ्यावर मार्लेनीची मावशी होती, ओतिलिया; मानाने सगळे दोना ओतिलिया म्हणतात. ती 'नमो मारिया' ही मारियामातेची प्रार्थना म्हणत मोजायला लागली. त्याच वर्षी तपासणीला आलेल्या इंजिनिअरने स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाने तिची प्रार्थना मोजली. एक 'नमो मारिया' बरोबर दहा सेकंद. त्याने नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: 'मोजणी गुणिले दहा. मान्य.' खाली सही आणि शिक्का. मूळ पान मी आज पाहिलं. आमच्याकडे दर महिन्याला येतात त्या पुढच्या पानांच्या प्रती. पहिल्या पानाची कधीच आली नाही.

"तुम्ही सोळा म्हणता, मावशी किती म्हणायची?"

"नऊ. नेहमी नऊच. वीस महिन्यांपूर्वी मी आले तेव्हा अकरा व्हायचे. मग बारा, तेरा. म्हटलं, झरा आटतोय. घरी सगळ्यांना सांगितलं पण. यंदा पाऊसही कमीच."

"आणि सुरुवातीला तुम्ही इतक्याच घाईने म्हणत होता?"

"छे. तेव्हा तिकिटाच्या खिडकीवर इराची नावाची बाई होती, किल्ल्या सेउ वाल्देमारकडे होत्या. ती दोघं गेली, सगळं माझ्या गळ्यात आलं. फाटकाबाहेर लोक शिट्ट्या मारतात, मी इथे संथ प्रार्थना म्हणत बसू?"

तिला न सांगता मी मघाशी वेळ धरली होती. एका प्रार्थनेला साडेसहा सेकंद. सोळा गुणिले साडेसहा, एकशे चार.

खोलीवर येऊन पलंगाच्या कडेला बसले. हसले. किती वेळ ते धरलं नाही. मग हे लक्षात आलं की फाटकावरच्या नोटिशीला मी कारण झाले ते एका बाईच्या घाईचा आलेख काढून. तेव्हा हसणं थांबलं.

एक गोष्ट अजून उरते. दोना ओतिलियाचे नऊ म्हणजे खरोखर नव्वद होते का? होते तर नव्वदचे एकशे चार कधी झाले? गेल्या वीस महिन्यांत झाले असतील तर झरा खरंच घसरतो आहे, आणि टिपण थोडंसं बरोबर ठरतं. ते बरोबर ठरावं असं मला आज सकाळी वाटत होतं की नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

८ जून, शनिवार

दोना ओतिलिया जुगारखान्याच्या मागे राहतात. वय एकोणऐंशी. उभ्या राहिल्या तर माझ्या खांद्याला लागतात.

"तीच ना तू, रोज नवरीचं पाणी बादलीभर घेऊन जमिनीवर ओतणारी? अख्खं गाव बघतंय. आमच्या वेळी अशा बाईला फाटकाबाहेर काढलं असतं."

"मोजते आहे."

"मी पण मोजायचे. ओतत नव्हते. मोजून झालं की टांग्याच्या घोड्याला पाजायचे. सव्वीस वर्षं जगला तो घोडा." त्यांनी साखर आधीच घातलेली कॉफी ओतली, ताज्या चीजवर पेरूच्या वडीचा तुकडा ठेवून बशी पुढे केली. "खा. दंडाची हाडं दिसतात तुझी."

मी नऊंबद्दल विचारलं.

"तेहतीस वर्षं नऊ. एकदाही दहा नाही, एकदाही आठ नाही. तुमचा तो इंजिनिअर म्हणाला होता, दोना ओतिलिया, तुमच्यावर बघून रेल्वे सोडावी. मग रेल्वेच सुटली ती आलीच नाही."

"आता एकदा म्हणून दाखवाल? मी वेळ धरते."

"घड्याळ लावून?"

"हो."

"घड्याळ लावून मी अंडी उकडते, पोरी."

मी घड्याळ खिशात ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "संत आंतोनियोच्या तेरा दिवसांच्या प्रार्थना चालू आहेत. संध्याकाळी सहाला, जुगारखान्यात. ये उद्या. तिथे मी तुझ्यासाठी नाही म्हणत, त्याच्यासाठी म्हणते. मग तुला कोटाच्या खिशात जे काय दाबायचं ते दाब. मला सांगू नकोस." मग म्हणाल्या, "लग्न झालंय?"

"नाही."

"मग लग्नं जुळवणारा तो संत तुझ्याही कामाचा आहे. एका फेरीत दोन कामं."

९ जून, रविवार

सहाला दहा मिनिटं कमी असताना गेले. सगळ्यांची प्रार्थना सुरू होण्याआधी दोना ओतिलिया पुढच्या बाकावर एकट्याच जपमाळ घेऊन बसल्या होत्या. आवाज ऐकू येत नव्हता, मणी सरकताना दिसत होते. मणी सरकला की एक.

तीस मणी. तीनशे पंचेचाळीस सेकंद. एकाला साडेअकरा.

नऊ गुणिले साडेअकरा, एकशे साडेतीन.

मग बाकीच्या बायका आल्या आणि मी उठून जाऊ शकले नाही, कारण दोन्हीकडून बसल्या होत्या. शेवटपर्यंत थांबले. प्रार्थनेनंतर मक्याची खीर होती. दोन वाट्या खाल्ल्या.

म्हणजे असं. १९८४ साली त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या, प्रार्थनेला दहा सेकंद लागत, बादलीला नव्वद. त्यानंतर झरा अगदी हळूहळू कमी होत गेला, आणि त्यांची प्रार्थनाही तितकीच हळूहळू लांबत गेली. म्हणून नऊ ते नऊच राहिले. आम्ही कार्यालयात ज्याला 'कमालीचा स्थिर झरा' म्हणत आलो, तो स्थिर नव्हता. नवरी आणि दोना ओतिलिया, दोघी बरोबरीने मंदावत होत्या, आणि दोघींना एकमेकींमुळे ते कळलं नाही.

१० जून, सोमवार

मार्लेनीला सांगितलं. नोकरीतल्या पहिल्या महिन्यात म्हणायचात तशी एकदा म्हणा, म्हटलं. तिने डोळे मिटले आणि म्हटली, जरा घाबरून, मावशी शेजारी उभी असल्यासारखी. साडेनऊ सेकंद. तेव्हा तिचे अकरा व्हायचे. एकशे साडेचार.

तीन वेगवेगळ्या वाटांनी एकच आकडा येतो. वीस महिन्यांत झरा हललेला नाही.

"म्हणजे मी भरभर म्हटलं म्हणून झरा आटला?"

"कागदावर."

ती खिडकीतल्या स्टुलावर बसली. रांग बाहेर उभी होती, तिने तिकडे पाहिलं नाही. "मी पुतण्याला सांगितलं होतं, इथे काही राहिलं नाही, जा दुसरीकडे. निघालाच होता तो." मग म्हणाली, "मावशीला सांगू नका. नऊचं तरी नका सांगू."

मला सांगावंच लागेल, म्हटलं. कागदावर मावशींचं नाव येणार आहे, त्यांनी ते दुसऱ्याकडून ऐकू नये. मार्लेनी म्हणाली, "मग बसून सांगा. दारात उभं राहून नको."

बसून सांगितलं. आधी हे, की ते टिपण माझं आहे.

दोना ओतिलियांनी कॉफी ओतणं थांबवलं नाही. "टकली नाहीस," म्हणाल्या.

मग आकडे सांगितले. नऊ म्हणायला शेवटी शेवटी त्यांना जास्त वेळ लागत होता, आणि बादली भरायलाही.

"किती जास्त?"

"एका प्रार्थनेला दीड सेकंद."

त्यांनी बोटावर काहीतरी हिशेब केला. "मला वाटलं होतं फक्त गुडघे गेले," म्हणाल्या. मग: "आणि तिचं? नवरीचं?"

"तेहतीस वर्षांत साडेतेरा टक्के."

"अजून किती वर्षं आहे?"

"याच गतीने गेला तर दोनशे बारा. पण रेषा इतकी लांब नेऊ नये. ते शास्त्राला धरून नाही."

"माझ्यासाठी ने."

"दोनशे बारा."

"पुरे," म्हणाल्या, आणि खुर्चीत मागे टेकल्या. परवापासून मी त्यांना पाहते आहे, टेकलेल्या पाहिल्या नव्हत्या. "मार्लेनीला सांग, देवाशी बोलताना बस चुकणार असल्यासारखं बोलू नये. हे तुझ्या कागदात लिही."

"कागदात बसणार नाही ते."

"मग तो कसला कागद?"

११ जून, मंगळवार

आरोल्दोंना फोन केला. सगळं क्रमाने सांगितलं. बोलताना मध्येच ते हसायला लागले, मग एकदम थांबले.

"साडेतेरा टक्के म्हणजे घटच ना?"

"तेहतीस वर्षांत."

"घट ती घट. निष्कर्ष तोच ठेव, आकडा बदल. प्रार्थनेबद्दल एक शब्द नको. हे खातं तेहतीस वर्षं जपमाळ छापत होतं, हे मी बैठकीत उभं राहून सांगू का?"

"झालंय तेच."

"जुसारा, ऑगस्टमध्ये तुला कायम करायची फाईल माझ्या टेबलावर येते आहे. मी धमकी देत नाहीये, तारीख सांगतोय. आणि असं बघ, शेवटी प्रत्येक झरा आटतोच."

"हो सर. पण जुलैमध्ये नाही."

"लेखी पाठव. बघू," म्हणाले.

नंतर दोन तास मी असं वाक्य जुळवत बसले ज्यात निष्कर्ष तोच राहील आणि खोटा शब्द एकही नसेल. जुळलं. 'झऱ्याच्या प्रवाहात दीर्घकालीन घट निश्चितपणे आढळते; त्या दृष्टीने खबरदारीचा उपाय म्हणून.' चांगलं वाक्य होतं. मोठ्याने वाचून पाहिलं. हे वाक्य मी मार्लेनीच्या खिडकीशी उभी राहून वाचू शकेन का, असा विचार केला. कागद फाडला.

दुसरी शंका: झरा शेवटी जाणारच असेल तर दहा वर्षं इकडे की तिकडे, काय फरक? फरक असा की त्या दहा वर्षांत लोक पाणी पितील. याहून चांगलं उत्तर माझ्याजवळ नाही. आईच्या शेवटच्या आठवड्यात ती रोज संध्याकाळी अर्धा पेला लिंबूसरबत मागायची. मी आकडे मांडण्यात होते, पेला नर्स द्यायची.

१२ जून, बुधवार

माप १०४. मोजून झाल्यावर बादली ओतली नाही. आता टांग्याचा घोडा नाही, म्हणून रांगेतल्या बायकांच्या बाटल्या भरून दिल्या. बारा बाटल्या.

उद्या संत आंतोनियोचा दिवस, आज प्रेमिकांचा. हॉटेलात दोन जोडपी आली आहेत, एक तरुण, एक साठीचं. सेउ आबिलियोंनी पांढरा कोट इस्त्री केला होता. जेवण झाल्यावर मी त्यांना थांबवलं आणि सांगितलं की जे. तावारेस मी आहे.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तुम्ही आलात त्या सोमवारी दुपारी दोन पन्नासपासून. टिपणाची प्रत नगरपालिकेत टांगली आहे, खाली सही. तुमच्या 'टी'ची शेपटी तशीच खाली येते."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. गरम पाणी नसलेली खोली दिली." त्यांनी टेबलावरचे पावाचे कण हाताने गोळा केले. "दुसऱ्या दिवशी मार्लेनी म्हणाली, ती पोरगी सकाळपासून पाच वेळा मोजतेय आणि दर वेळी तोंड पडतंय. म्हटलं, ज्याला गाव बुडवायचंय तो एकदा मोजून फोटो काढून जातो. म्हणून बारा नंबर दिली."

"नृत्याच्या पाटीसाठी शिडी मी धरते," मी म्हणाले.

"उतरवायला?"

"पुसायला."

"बघू," ते म्हणाले. "आज भात घेणार आहात ना? परवापासून दोनदा घेता म्हणून जास्त टाकलाय."

हे खरं आहे. भूक परत आली आहे. झोपही सलग सात तास. कारण स्पष्ट आहे: मी चूक होते आणि काही मेलेलं नाही.

१३ जून, गुरुवार

आज सकाळी पाठवलेल्या पत्राची प्रत.

डॉ. आरोल्दो,

झरा क्र. ५ (नवरीचा झरा), मिरान्ते, याबद्दल.

माझं ६ मेचं टिपण चूक आहे. ते मी मागे घेते. चूक माझी आहे: चारशे सोळा नोंदींच्या शेवटी शून्य होतं हे मला दिसलं आणि मी त्याचं कारण शोधलं नाही.

४ ते १३ जून या काळात तपासलेल्या घड्याळाने व बादलीने घेतलेल्या सर्व मापांची सरासरी १०४ सेकंद आहे. सोबतच्या तक्त्यात दिसेल की आधीच्या नोंदी घड्याळाने नव्हे, तर प्रार्थना मोजून घेतल्या आहेत, आणि ही पद्धत आपल्याच खात्याने १९८४ मध्ये सही-शिक्क्याने मान्य केली होती. त्या पानाचं छायाचित्र जोडलं आहे. आधीच्या निरीक्षक ओतिलिया यांचा वेग, सध्याच्या निरीक्षक मार्लेनी यांचा सुरुवातीचा वेग आणि आताचा वेग, तिन्ही लावले की माप १०३ ते १०५ सेकंदांच्या दरम्यान येतं. वीस महिन्यांत घट नाही. तेहतीस वर्षांत सुमारे साडेतेरा टक्के घट आहे. ओतिलिया यांचा २०१७ चा वेग मला आजच्या वेगावरून धरावा लागला, त्यामुळे यात थोडी अनिश्चितता आहे, ती तक्त्यात दिली आहे. दोन्ही निरीक्षकांनी सांगितलेलं काम सांगितलेल्या पद्धतीने केलं. त्यांच्यावर ठपका येऊ नये.

झरा चालू ठेवण्यास तांत्रिक अडचण नाही. १ जुलैची बंदी रद्द करावी, आणि इथे न गंजणारं घड्याळ पाठवावं, अशी शिफारस करते. ते येईपर्यंत माझं घड्याळ मार्लेनी यांच्याकडे ठेवलं आहे.

फोनवर तुम्ही सुचवलं तसं वाक्य मी लिहून पाहिलं. ते माझ्या सहीने जाणार नाही.

हे पत्र १९ जूनच्या बैठकीपुढे ठेवणार का, एवढंच मला लेखी कळवा. हो किंवा नाही पुरेसं आहे. नाही असेल तर मी बैठकीला येऊन ते स्वतः वाचेन, त्यासाठी मला मंगळवारी सकाळची बस धरावी लागेल. म्हणून उत्तर सोमवार, १७ जून, दुपारी बारा वाजेपर्यंत मिळावं.

जुसारा तावारेस